मेल उघडला, बाई

बाई, आज तुम्हाला लिहायला बसले त्याचं कारण अगदी साधं आहे. माझ्या फोनमधला मेल उघडत नव्हता आणि तो मी उघडला. ऐकायला हे एवढंसंच आहे. तुम्ही गेलात तेव्हा जळकोटात फोन शोधायला निघालं तर पोस्टापर्यंत चालत जावं लागायचं, आणि मेल हा शब्द तुमच्या तोंडून मी फक्त रेल्वेसाठी ऐकला होता. आता पत्रंसुद्धा फोनमध्येच येतात, त्यांना मेल म्हणतात. शाळेत तुमचा विज्ञानाचा तास संपला की मी वऱ्हांड्यात तुमच्या मागं मागं यायचे आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगायचे. तसंच आज सांगते.

आमचा बायकांचा गट आहे. हायवेला लागून पत्र्याचं शेड आहे, तिथं आम्ही ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी करतो. ट्रकवाले घेतात, तुळजापूरला जाणारे गाडी थांबवून घेतात. गटात आमच्या वस्तीतल्या बौद्ध बायका आहेत आणि गावातल्या मोठ्या घरच्याही आहेत. सुरुवातीला हे जमेल असं कुणालाच वाटत नव्हतं. आमच्या हातची भाकरी कोण घेईल, असं पारावर उघड बोललं जायचं. मग एक दिवस थोरल्या आक्का आल्या. ज्यांच्या वावरात माझ्या आईनं जन्मभर खुरपलं, त्या घरातल्या ह्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "तुज्या शेजारचा तवा मला दे. घरात बसून मला कटाळा आलाय." त्या दिवसापासून पारावरचं बोलणं थांबलं. गटाचं लिहिणं-बोलणं माझ्याकडं आहे, कारण मी तुमच्या हाताखाली शिकलेली.

पुण्याच्या एका कंपनीनं आमचा माल मागवून खाऊन बघितला होता. त्यांची दुकानं बऱ्याच शहरांत आहेत. त्यांना आवडला, पण तुमचं काम, तुमची जागा आधी डोळ्यांनी बघू, असं त्यांच्या मॅडम म्हणाल्या. पुण्याहून येणार नव्हत्या, फोनवरच व्हिडिओतून बघणार होत्या. त्यासाठी लागणारी लिंक मेलवर पाठवते, ती दाबली की आपण समोरासमोर, असं त्यांनी मला समजावलं होतं. वेळ दुपारी तीनची ठरली होती. आमच्यासारख्या आणखीही गटांना त्या बघणार होत्या आणि निवडणार एकालाच.

त्या सकाळी सगळ्याजणी ठेवणीतली लुगडी आणि साड्या नेसून आल्या. शेड झाडून घेतलेलं, तवे घासलेले. आणि मी मेल उघडते तर काय, पांढऱ्या पडद्यावर एक गोल नुसता गरगर फिरतोय. खाली ओढला, सोडला, पुन्हा तेच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की बरेच दिवस झाले मला एकही नवा मेल आलेला नाही. मी समजत होते कुणी पाठवलाच नसेल. मॅडमना फोन लावला, उचलेनात. लेक लातूरला नर्सिंगला आहे, हे सगळं तिनंच मला फोनमध्ये घालून दिलेलं; पण तिची नेमकी परीक्षा, फोन बंद. म्हणून मी चालत फाट्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस आहे. त्यानं फोन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "ताई, फोन लई जुना झालाय. फॉरमॅट मारावा लागंल. समदं पुसून जाईल, मंग मी नव्यानं टाकून देतो. सांजच्याला घिऊन जावा."

"आन् दुपारी तीनला मला लागतोय त्याचं काय?"

"त्याला मी काय करू ताई? गिऱ्हाईक बघा की किती उभं हाय."

मी फोन परत घेतला. फाट्यावरून शेडकडं परत निघाले. बायकांना काय सांगायचं, याचंच मनात चाललं होतं. आक्कांनी त्या दिवशी पहिल्यांदाच सुनेकडून केस विंचरून घेतले होते.

शेडमध्ये आले तर सगळ्या माझ्याभोवती गोळा. "नेट गेलं असंल." "बॅटरी खराब झाली असंल." "व्हायरस आला असंल बघ, माझ्या भाच्याच्या फोनात आल्ता." असंल, असंल, असंल. आणि बाई, त्या क्षणी मला तुमचा आवाज आला म्हणणार नाही, तसलं काही झालं नाही. मला फक्त आपला वर्ग आठवला. तुम्ही विजेची घंटा करून आणलेली आहे, लाकडी फळीवर, लोखंडी खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून. ती वाजत नाहीये. पुढची मुलं टेबलाला खेटून उभी आहेत आणि मी सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून, कारण वस्तूंना हात लावायचा नाही ही सवय मला घरून लागलेली. तुम्ही मलाच विचारता, का वाजत नाही. मी म्हणते, "सेल गेला असंल, बाई." तुम्ही चिडता. एरवी तुम्ही कधी चिडायच्या नाहीत. "असेल म्हणजे? बघितलास का? अंदाज मला घरबसल्या करता येतो. इकडे ये, हात लाव, बघ, आणि मग सांग. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशानं झालं ते कधीच कळणार नाही." सगळा वर्ग माझ्याकडं बघतोय. मी सेल बदलते, नाही वाजत. जुना परत लावते. बटण बदलते, नाही. मग तारेचं टोक बघते. त्याच्यावर लाखेसारखा चमकदार थर तसाच आहे, तो कुणी खरवडलेलाच नाही. ब्लेडनं खरवडते, जोडते आणि घंटा अशी कडाडते, की शेजारच्या वर्गातले गुरुजी तास संपला म्हणून खडू ठेवून बाहेर येतात.

मी बायकांना म्हटलं, "जरा दम धरा. कुणी असंल म्हणू नका. आपण एक-एक बघू."

पहिलं नेट बघितलं. एक गाण्याचा व्हिडिओ लावला, तो झटक्यात चालू झाला. म्हणजे नेट आहे. मग फोन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला. गोल तसाच. मग एकीच्या फोनवरून माझ्या पत्त्यावर मेल पाठवला, त्यात नुसतं 'भाकरी' असं लिहिलं. तिच्या फोनवर गेला म्हणून दाखवतंय, माझ्याकडं येत नाही. म्हणजे पाठवणाऱ्यात खोट नाही, खोट माझ्या फोनात. इथपर्यंत आलं आणि माझी भीती निम्मी कमी झाली. कुठं नाही हे कळत गेलं, की कुठं आहे ते जवळ येतं. मग सेटिंगमध्ये शिरले. अशा ठिकाणी मी कधी गेलेच नव्हते, लेक म्हणायची, तिकडं हात लावू नको. एक-एक ओळ वाचत खाली गेले. माझ्या खात्याच्या नावाखाली 'सिंक' म्हणून, नवे मेल आपोआप आत घेणारं, एक बटण होतं आणि ते राखाडी, बंद. बाकीची सगळी निळी. ते कधी बंद झालं, कुणाच्या बोटानं, देव जाणे. मी ते चालू केलं.

सगळ्या फोनवर वाकल्या. गोल फिरला, फिरला आणि खाली एक पट्टी आली, की फोनात जागा शिल्लक नाही.

आक्का म्हणाल्या, "आता गं?"

"आता काय न्हाय आक्का, तुमची फुलं टाकायची." गटाच्या ग्रुपवर रोज सकाळी सूर्य, गुलाब आणि कपातल्या चहाची चित्रं येतात, ती सगळी माझ्या फोनात साठून बसली होती. लग्नांचे व्हिडिओ, हळदीचे व्हिडिओ, एकाच बारशाचा व्हिडिओ चौघींनी पाठवलेला. मी पुसायला लागले तशी मागून ओरड सुरू झाली. "अगं, ते माझ्या नातवाचं हाय, त्येवढं राहू दे!" "माझं भजन पुसलंस व्हय?" आक्का मात्र ठाम. "पुस समदं. नातू उद्या परत नाचंल." बायका हसायला लागल्या, मीही हसले, आणि हसता हसताच फोन टिंग वाजला. मग पुन्हा टिंग. मग थांबेचना. अडलेले सगळे मेल एकामागून एक आत येत होते, आणि सगळ्यांत वर आमचा 'भाकरी'.

त्याच्या खाली मॅडमचा मेल होता. आदल्या संध्याकाळी आलेला. त्यात लिहिलं होतं, की काही कारणानं वेळ बदलली आहे, तीनऐवजी दुपारी बारा वाजता भेटू.

मी घड्याळ बघितलं. बारा वाजायलाच आले होते. बाई, लेकीची वाट बघत बसले असते किंवा फोन त्या दुकानात ठेवून आले असते, तर दुपारी तीनला आम्ही नटूनथटून कोऱ्या पडद्यापुढं बसलो असतो. "पेटवा!" मी ओरडले. चुली पेटल्या, परातीत पीठ पडलं. फोन चटणीच्या बरणीला टेकवून उभा केला आणि लिंक दाबली.

मॅडम दिसल्या. तरुण पोरगी, डोळ्यांखाली काळं झालेलं, सकाळपासून असेच गट बघत असणार. तिनं बरंच विचारलं, मी उत्तरं दिली. मग तिनं आक्कांना विचारलं, "आजी, ही भाकरी किती दिवस टिकते?" आक्का थापत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "महिनाभर ठिवा की. पन मोडताना वाजली पायजे. न्हाय वाजली तर आमाला परत धाडा." आणि माझ्याकडं वळून, "दाव तिला." मी एक भाकरी फोनजवळ नेऊन मोडली. कडाड् असा आवाज झाला आणि पुण्यात बसलेली ती पोरगी खुर्चीतून पुढं झाली, हसायला लागली. "पुन्हा एकदा," म्हणाली, आणि तिच्या बाजूला बसलेल्या कुणालातरी बोलावून घेतलं. मी पुन्हा मोडली. मग तिनं विचारलं, "तुमच्याकडे फोनचं, मेलचं काम कोण बघतं? आम्ही सगळं मेलवरच पाठवतो. ते अडायला नको."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी भिंतीला टेकले नाही. म्हटलं, "मी बघते. न्हाय अडणार."

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला त्यांचा मेल आला. ह्या वेळी गोल फिरलासुद्धा नाही. मी मोठ्यानं वाचला, आमची निवड झाली होती. वस्तीतल्या एकीनं आक्कांना उचलायचा प्रयत्न केला, दोघी पिठाच्या पोत्यावर पडल्या आणि पडल्या तिथंच हसत बसल्या. पांढऱ्या पिठानं माखलेल्या त्या दोघींकडं बघताना मला तुमची खोली आठवली. रविवारी तुम्ही मला अभ्यासाला बोलवायच्या. स्टोव्हवर चहा ठेवायला मलाच सांगायच्या. एकदा घरमालकीण दारात येऊन म्हणाली, "बाई, पोरीला वट्यापाशी कशाला न्हेता?" तुम्ही वहीतून डोकंही वर काढलं नाहीत. म्हणालात, "तिचा चहा माझ्यापेक्षा चांगला होतो. या ना, घ्या अर्धा कप." ती निघून गेली. पण तुमच्या बदलीच्या वेळी सामान बांधताना ती आली होती आणि माझ्या हातचा चहा उभ्यानं पिऊन गेली होती. त्याच दिवशी तुम्ही मला टेस्टर दिलात. दहावी पास झालेल्या पोरीला लोक पेन देतात, तुम्ही स्क्रूड्रायव्हरसारखा, आत दिवा लागणारा टेस्टर दिलात. आमच्या वस्तीत कुणाच्या घरचा दिवा गेला, की पोरं मला बोलवायला यायची. लग्न होऊन ह्याच गावात राहिले, म्हणून ते बोलावणं कधी थांबलं नाही.

तुम्ही उमरग्याला बदलून गेलात आणि थोड्याच वर्षांत आजारानं गेलात. मला ते कितीतरी उशिरा, एसटीत भेटलेल्या एका जुन्या वर्गमैत्रिणीकडून कळलं. मी सीटवर बसून होते आणि माझं गाव मागं गेलं तरी उतरले नव्हते.

पहिला टेम्पो पुण्याला गेला तेव्हा आक्कांनी त्याच्यापुढं नारळ फोडला आणि आमच्या बायकांनी जयभीम घातला. आता शेडमध्ये भाकरीबरोबर फोनही येतात. बायका म्हणतात, "ताई, मेल येईना, बघता का जरा." मी फोन हातात घेत नाही. त्यांनाच बघायला लावते. परवा एक नवी सून म्हणाली, "नेट नसंल." मी तिच्यावर अशी चिडले, की आक्का म्हणाल्या, "हळू गं, मास्तरीन."

हे पत्र मी मेलमध्येच लिहिलं आहे. वर पत्त्याची जागा रिकामी आहे, ती तशीच राहील आणि हे कुठं जाणार नाही. एक मात्र तुम्हाला सांगून टाकते, कुणाला सांगितलेलं नाही. हल्ली काही काम नसलं तरी मी दिवसातून कितीदा तरी मेल उघडते. वाचायचं काहीच नसतं. तो नुसता उघडताना बघायचा असतो.