पडवीतल्या वर्गाची उमेदवारी

आचरे, ता. मालवण, जि. रत्नागिरी
दि. १४ फेब्रुवारी १९५९

राजमान्य राजेश्री सत्यवानराव यांच्या सेवेशी, हरिश्चंद्राचा आदरपूर्वक नमस्कार.

येथे सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याचा प्रघात आहे. घरात मी एकटाच उरलो असल्यामुळे 'सर्व' म्हणावे की नाही, याचा थोडा विचार करून तो शब्द तसाच ठेवला आहे. आपला गुडघा थंडीत पुन्हा दुखू लागल्याचे कळून चिंता वाटली. सौ. वहिनींचा दमा आता उतरला असेल, अशी आशा आहे. माझी प्रकृती ठीक आहे. पेज मी स्वतःच शिजवतो. ती कधी पातळ होते, कधी कापता येते. परंतु कोर्टात अठ्ठावीस वर्षे शिरस्तेदारी केलेल्या माणसाने तक्रार कोणाकडे करावी, हा प्रश्न असल्याने ती खातो.

घराला कुलूप लावावे, पडवीतला दुपारचा वर्ग मिटवावा आणि मुंबईस आपल्याकडे कायमचे राहावयास यावे, ही आपल्या मागील पत्रातील सूचना मी चार वेळा वाचली. तीमागील आपुलकी मी जाणतो. उत्तरास दीड महिना विलंब झाला, त्याबद्दल क्षमस्व. विलंबाचे कारण हा वर्गच असल्यामुळे त्याची हकीकत मुळापासून सांगणे मला प्राप्त आहे.

आपली धाकटी बहीण, माझी कै. पत्नी नर्मदा, हिने तीन वर्षांपूर्वी हा वर्ग सुरू केला, तेव्हा माझी संमती तिने घेतली नव्हती, हे मी येथे नमूद करतो (घेतली असती तर मी दिली नसती, हे तिला ठाऊक होते). मासळीच्या पाट्या वाहण्यासाठी दुसरी-तिसरीतून ज्यांची शाळा सुटली, अशा सात मुली व बायका दुपारी दोन ते चार आमच्या पडवीत जमत. शाळा त्यांना परत घेईना, आणि घेतले असते तरी सतरा वर्षांची मुलगी सात वर्षांच्या मुलांच्या रांगेत कशी बसणार? नर्मदेची पद्धत शास्त्रशुद्ध नव्हती. जो जे काम करतो त्याच्याजवळ जाऊन महिनाभर बसावे, त्याच्या हाताकडे पाहावे, आणि त्या कामाला जेवढी अक्षरे व जेवढे हिशेब लागतील तेवढे पडवीत येऊन शिकावे, एवढेच ती सांगे. शिंप्याकडे गेलेली मुलगी अपूर्णांक शिकून परतली. पोस्टात बसलेली पत्ते वाचू लागली. मी आतल्या खोलीत दार लावून वाचत बसे आणि गलबला वाढला की खाकरत असे. गेल्या श्रावणात नर्मदा गेली. चौदाव्या दिवशी दुपारी दोन वाजता सातही जणी पाटी घेऊन पडवीत हजर झाल्या. त्यांना 'वर्ग बंद झाला' असे सांगण्यासाठी मी बाहेर आलो, आणि कसे कोण जाणे, पाढ्यांच्या चुका दुरुस्त करीत चार वाजेपर्यंत उभा राहिलो. जाताना त्या पूर्वीप्रमाणेच स्वयंपाकघराच्या दाराशी थांबल्या व आत कोणी नसता "बाय, येतंय गो" म्हणून गेल्या. हे तर्काला धरून नाही, असे मी दुसऱ्या दिवशी त्यांना समजावले. त्यांनी माना डोलावल्या आणि चार वाजता पुन्हा तेच केले. हल्ली त्या निरोपाला मी आतून "या" म्हणतो. कोणीतरी म्हणावयास हवे.

वर्ग हाती घेतल्यावर त्याला शिस्त लावणे माझे कर्तव्य होते. नर्मदेच्या पद्धतीस मी 'प्रत्यक्षकार्य-शिक्षण' असे नाव दिले, एक नोंदवही आखली आणि कामावर पाठवण्यापूर्वी प्रत्येकीची मुलाखतीची तयारी करून घेण्याचे ठरवले. मी मालक होऊन खुर्चीवर बसे व प्रश्न विचारी. हिरा नावाची एक विवाहित विद्यार्थिनी आहे. तिला मी विचारले, तुमची पात्रता काय? ती म्हणाली, "माका कोण फसवूक शकणा नाय." मी म्हणालो की असे न सांगता 'मी व्यवहारदक्ष आहे' असे सांगावे. तिने शांतपणे विचारले, "मास्तरानू, तसा म्हटल्यावर फसवणारो भियात काय?" मी नोंदवहीत तिचेच वाक्य उतरवून घेतले. (मी कधीही मास्तर नव्हतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे.)

सर्वांत हुशार चंद्रावती. वय सतरा, आई मासळीबाजारात बसते. तिला मी गावातल्या दवाखान्यात महिनाभराच्या उमेदवारीवर पाठवले. काम साधे होते: बाटल्या धुणे, त्यांवर मात्रा दाखवणारी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवणे आणि बाळा कंपाउंडर सांगेल ते भरणे. आठ दिवसांत दवाखान्यापुढे रांग वाढली. हिंदळ्याहून, तोंडवळीहून माणसे येऊ लागली. डॉक्टरांस प्रथम आपल्या हातगुणाचा अभिमान वाटला. नंतर उलगडा झाला की चंद्रावती प्रत्येक बाटलीत पट्टीच्या वर एक मात्रा जास्त भरून देत होती. बाजारात विकत घेतलेल्या वाट्यावर एखादा बांगडा वरताळा म्हणून टाकल्याशिवाय गिऱ्हाईक उठवणे हा तिच्या घराण्यात कमीपणा समजला जातो. डॉक्टर संतापून म्हणाले की औषध म्हणजे मासळी नव्हे. ती म्हणाली, "बांगड्याक वर घालतत, मगे आजाऱ्याक नको?" तोपर्यंत एका गृहस्थाने एरंडेलाचा वरताळाही निष्ठेने घेतला होता. त्याचे पुढील दोन दिवस कसे गेले, हे पत्रात लिहिण्याजोगे नाही.

मी तिला परत आणावयास गेलो, क्षमायाचनेचे चार परिच्छेद मनात जुळवून. परंतु त्याच सकाळी एक गोष्ट घडली होती. बाळाने फडताळातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. चंद्रावतीने बूच उघडताच नाक मुरडले आणि ती बाटली पुढे देईना. बाळा म्हणाला, "चिठ्ठी वाचूक येता ना तुका? खोकल्याचाच आसा." ती म्हणाली, "चिठ्ठी खोकल्याची आसा रे, वास खोकल्याचो नाय." डॉक्टरांनी पाहिले, तर मलमपट्टीच्या वेळी जखमा धुण्याचे औषध चुकून त्या बाटलीत ओतले गेले होते. समोर बाकावर चार वर्षांचे मूल घेऊन एक बाई बसली होती. डॉक्टरांनी ती बाटली स्वतः मोरीत रिकामी केली. मग त्यांनी जो दाखला लिहून दिला तो असा: 'हिच्या हाती माप देऊ नये, परंतु हिच्या नाकावर माझा विश्वास आहे.' माझे चार परिच्छेद वाया गेले.

आता मुख्य आपत्ती. वर्गास सरकारी मान्यता मिळावी म्हणून मी केलेल्या अर्जावरून गेल्या मंगळवारी एक अधिकारी तपासणीस आले. मान्यता मिळाली तर दाखल्यांना बाहेर किंमत येते. नाही मिळाली तर 'विनापरवाना शाळा' म्हणून वर्ग बंद. शुभकार्य म्हणून दाजींनी, ज्यांना गावात गाऱ्हाणे घालण्याचा मान आहे, पडवीत नारळ ठेवला. (इतकी वर्षे मुंबईत राहून आपण विसरला नसाल: एकाने देवाला सांगावयाचे आणि तो श्वास घ्यावयास थांबला की सर्वांनी होकार भरावयाचा.) दाजी म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडवांच्या वर्गाक सायब इल्लो आसा." सर्व म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "तेच्या मनात काय वाकडा आसात तर ता सरळ कर रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा!" साहेबांस हे रुचले नसावे. नारळ फुटताच ते त्याच जागी, देवाच्या त्याच दिशेला तोंड करून उभे राहिले आणि दाजींच्याच संथ लयीत बोलू लागले.

ते म्हणाले की शिक्षण ही गंभीर बाब आहे, आणि श्वास घेतला. पडवी म्हणाली, "व्हय म्हाराजा!" साहेब प्रसन्न झाले. ते म्हणाले की ज्या शाळेला इमारत नाही, क्रमिक पुस्तके नाहीत, ती नियमांत बसत नाही. "व्हय म्हाराजा!" सबब असा वर्ग चालू ठेवणे योग्य होणार नाही. "व्हय म्हाराजा!" तो या महिनाअखेर बंद व्हावा, असेच आपणा सर्वांचे मत दिसते. "व्हय म्हाराजा!" सत्यवानराव, मला लिहिण्यास लाज वाटते, परंतु या चौथ्या होकारात माझाही आवाज होता. प्रश्न पूर्ण ऐकल्याशिवाय उत्तर देऊ नये, अशी ताकीद अठ्ठावीस वर्षे मी साक्षीदारांस देत आलो.

साहेबांनी 'ग्रामस्थांची एकमुखी संमती' असे लिहिले. प्रथम भानावर आली चंद्रावती. ती उठून म्हणाली, "सायबानू, आमी देवाक व्हय म्हटला, तुमका न्हय!" साहेब म्हणाले, "मग देवाने हरकत घ्यावी. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे." तथापि माणूस अगदी कोरडा नव्हता. डॉक्टरांचा दाखला त्यांनी दोनदा वाचला आणि जाताना मला बाजूस घेऊन सांगितले की, गावाबाहेरच्या एखाद्या प्रतिष्ठित संस्थेने या वर्गाची एक तरी विद्यार्थिनी उमेदवारीवर घेतल्याचे लेखी कळवले, तर आपण शेरा बदलू. अन्यथा पडवी रिकामी करावी. त्या दिवशी चार वाजता जाताना मुली दाराशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या होत्या.

अशी संस्था मी कोठून आणावी? तेव्हा परिस्थिती पाहता आपली सूचना मान्य करणे हेच श्रेयस्कर दिसते. महिनाअखेर वर्ग मिटला की घराची किल्ली दाजींकडे देईन आणि मार्चच्या पहिल्या बोटीने निघेन. माझ्यासाठी स्वतंत्र खोलीची खटपट करू नये, कोपरा पुरे. दुपारी दोन ते चार मी कोणासही त्रास देणार नाही. त्या वेळात मी काय करीन, हे मात्र मला अद्याप सुचलेले नाही.

सौ. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. लोभ आहेच, तो राहू द्यावा.

आपला,
हरिश्चंद्र

ता. क. आपण मुंबईत एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधभांडाराचे प्रमुख आहात, हे पत्र पुरे झाल्यावर लक्षात आले. (हे खरे नाही. पहिल्या ओळीपासून लक्षात होते. नात्यात शिफारस मागणे मला कधी जमले नाही.) चंद्रावतीस एक महिना उमेदवार म्हणून घ्यावे आणि तसे दोन ओळींत अधिकाऱ्यांस कळवावे, ही विनंती. माप तिच्या हाती देऊ नये. फडताळे द्यावीत. नर्मदेने आपल्याकडे कधी काही मागितले नाही. हे तिचे मागणे समजावे.

ता. क. दुसरा. आपण होकार दिल्यास माझे मुंबईस येणे रहित समजावे. महिन्याभराने ती परत आली की भांडारात पाहिलेले सर्व बाकी सहा जणींस शिकवावयाचे आहे, आणि तिचे शुद्धलेखन तपासावयास कोणीतरी लागेल.

ता. क. तिसरा. टपालाने वेळ जाईल म्हणून हे पत्र हस्ते पाठवीत आहे. देणारी चंद्रावतीच आहे. राहण्याची सोय माझगावास तिच्या मामाकडे आहे. समोरच्याने 'बसा' म्हटल्याशिवाय बसू नये, असे मी तिला कालच बजावले आहे, आणि हे पत्र किती लांबेल याचा मला तेव्हा अंदाज नव्हता. आपण पहिली ओळ वाचू लागल्यापासून ती आपल्या दारात उभी असेल. बोटीचा प्रवास झाला आहे. कृपा करून आधी तिला बसा म्हणावे. सोबत तिची मावशी शेवंती आहे. ती केव्हाच बसली असेल.