नदीतली लाल निशाणं

५ मार्च २०१९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नदीच्या उथळ भागात आमच्या वीज प्रकल्पाने रोवलेली लाल निशाणं रोज कोण उपटतं, हे मला कोणी सांगायला नको. अख्ख्या काठावर एवढा हट्टी मच्छीमार एकच! अरे, नदीवर आम्ही धरण बांधतच नाही. पाणी जुन्या खाणीत साठवायचं, जास्तीच्या विजेने डोंगरावरच्या तळ्यात चढवायचं आणि वीज हवी तेव्हा खाली सोडायचं. नदीचं पाणी फक्त खाण भरायला लागेल. निशाणं नकाशावरच्या रेघेवर, खोदाईच्या यंत्रांसाठी होती, की इथे मासे अंडी घालतात, पुढे यायचं नाही. सोमवारी नदीत पाइपासाठी खोदाई आहे आणि मला इथून निघता येत नाही. काहीतरी कर.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी धाकटी

१२ मार्च २०१९

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र ऐकून आई इतकी हसली की मला घराबाहेर पडावं लागलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय! निशाणं चुलीत गेलेली. मग सोमवारी आम्ही सगळ्यांच्या होड्या निशाणांच्या त्याच रेघेवर एकीला एक बांधून उभ्या केल्या. यंत्रवाला खवळला. तुमचे मोठे साहेब आले, कोणाच्या हुकमाने अडवता, म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्याच नकाशाच्या. रेघ तुमची, आम्ही नुसते तिच्यावर उभे आहोत." त्यांनी नकाशा मागवला आणि यंत्र परत गेलं. तुझ्या नोकरीवर तर काही येणार नाही ना?

काळजीत,
दादा

३० मार्च २०१९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नोकरी शाबूत आहे. पाणी आता खालच्या डोहातून घेणार, तेही मासे अंडी घालून गेल्यावर, भर पुरात. पाइपाच्या तोंडाशी बारीक जाळी बसेल. ट्रक शाळेवरून न जाता खाणीच्या मागून जातील. सगळं कंत्राटात लिहून घेतलंय. जिंकलो, दादा!

माया अशीच असू दे.
धाकटी

२ सप्टेंबर २०२२

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

खाण भरली, काल वीज करणारं यंत्रही फिरलं. आणि उथळ पाण्यात पिल्लं इतकी, की पाय ठेवायला जागा नाही. आई बघून रडली. मीही रडलो.

एक सांगतो. तू तिकडे कामाला लागलीस तेव्हा मी मासळीबाजारात तू बँकेत आहेस असं सांगितलं होतं. नदी बुडवणारी बहीण कोणत्या तोंडाने सांगू? पुढे खोटं मागे घ्यायची लाज वाटली. आज भर बाजारात सांगून टाकलं, की हे सगळं माझ्या बहिणीनं बांधलंय.

कोणालाच नवल वाटलं नाही. आई तीन वर्षं हेच सांगत फिरत होती.

ये लवकर, वाट बघतोय.
तुझा दादा