क्लेमची जोडी कोणाशी

४ मार्च, मंगळवार

लिंबाचा केक आणला तिने! वादमंडळात केक! इतकी वर्षं आम्ही पबच्या मागच्या खोलीत खारे दाणे आणि लोणच्यातले कांदे खाऊन नौदलाची काळजी करतोय, कोणाचं काही अडलं नाही. आणि ही बाई आली ती डबा उघडतच.

रोझलिंड फॅनशॉ. लंडनहून आली, निवृत्त होऊन. संरक्षण खात्यात खरेदीच्या कचेरीत होती — कोणतं जहाज घ्यायचं, कोणाकडून बांधून घ्यायचं, त्यात कोणती तोफ बसवायची, हे ठरवणाऱ्यांत. इथे टेकडीवर घर घेतलंय. तिच्या खिडकीतून प्लिमथचं अख्खं बंदर दिसतं म्हणे. माझ्या खिडकीतून शेजारणीच्या चादरी दिसतात.

आणि बसली कुठे? माझ्याच बाकावर! यंदाचा वसंतातला ठराव असा — नौदलाने उरलेला पैसा मोठ्या विमानवाहू जहाजांवर घालावा, छोट्या लढाऊ जहाजांवर, म्हणजे फ्रिगेटींवर, नको. मी मोठ्या जहाजांची. समोरच्या बाकावर क्लेम रॉस्किली, छोट्यांचा. निकाल पत्राने खासदाराला जातो. त्याच्याकडून छापील आभार येतात. पण पत्र जातं.

ती दोनच वाक्यं बोलली आणि क्लेम हसला. माझ्या बोलण्यावर क्लेम कधी हसत नाही. ओरडतो.

केक चांगला होता. हे फक्त इथे लिहिते.

५ मार्च, बुधवार

कालचं राहिलं. निघताना तिने अध्यक्षांना विचारलं, "इथेही पार्लमेंटसारख्या जोड्या बांधतात का हो?" आमचा अध्यक्ष ओसवाल्ड पेंग्ली. जन्मभर लोकांचे दात काढले, अजूनही कोणाचं तोंड किती वेळ उघडं राहील ते तोच ठरवतो. म्हणाला, "बांधतात तर! एक या बाकावरचा, एक त्या. दोघांनी ठरवायचं, मतदानाला दोघांनीही जायचं नाही. याचं मत त्याच्या मताला खातं. शब्द दिला की दिला. जोडी मोडणाऱ्याकडे इथे कोणी बघतसुद्धा नाही." मग माझ्याकडे बोट दाखवून — "ही हेस्टर आणि तो क्लेम. मंडळात सगळ्यात जास्त घसा फोडणारी ही दोघं, आणि दोघांनीही आजवर एकदाही मत दिलेलं नाही!"

सगळे हसले. मीही.

खरंच आहे ते. बाकीचे मत द्यायला दोन दारांतून जातात — ठरावाच्या बाजूचे स्वयंपाकघराच्या दाराने, विरुद्धचे अंगणाच्या — तेव्हा आम्ही दोघं बंदराच्या पायऱ्यांवर. गरम पेस्टी, आत मांस-बटाटा, भरपूर मिरी घातलेली. तोंडात बटाटा आणि भांडण दोन्ही. माझा नवरा हॅरी गेल्यापासून माझ्याशी इतकं मन लावून भांडणारं दुसरं कोणी उरलं नाही.

११ मार्च, मंगळवार

आज मी बोलले. मला वाटलं बरं बोलले. म्हटलं, परक्या मुलुखातली धावपट्टी म्हणजे भाड्याची खोली — मालकाचं डोकं फिरलं की चालते व्हा. विमानवाहू जहाज हे स्वतःचं घर, पाहिजे तिथे नेऊन उभं करा. टाळ्या पडल्या. मग जोरात आले आणि म्हणून बसले की आपलं जहाज एकदा तेल भरलं की वर्षभर हिंडतं.

रोझलिंडने माझ्या हातावर हात ठेवला. हळूच म्हणाली, "वर्षभर नाही हो, हेस्टर. तेलाचं जहाज सारखं मागे लागतं." हळूच म्हणाली, पण खोलीत ऐकू गेलंच!

मग ती उठली. कागद नाही, काही नाही. सांगत होती, जहाजं उशिरा का होतात. "अर्धं जहाज बांधून होतं आणि कोणीतरी नवा साहेब येतो, म्हणतो आता यात हेही बसवा. ते बसवायला भिंत फोडा. भिंत फोडली की तारा तुटतात. तोवर साहेबाची बदली! तुम्ही स्वयंपाकघर दुरुस्तीला काढलंय का कधी? तसंच. फक्त हे स्वयंपाकघर तरंगलं पाहिजे." खोली डोक्यावर घेतली लोकांनी.

माझी उपमा भाड्याच्या खोलीची. तिची स्वयंपाकघराची. तिची जास्त चांगली. पंधराव्या वर्षी शाळा सुटली माझी. गोदीच्या कँटीनमध्ये चहा ओतता ओतता आणि वाचनालयातून पुस्तकं आणून जे शिकले ते शिकले. त्याची लाज कधी वाटली नव्हती. आज कानशिलं तापली.

क्लेमने तिला विचारलं, "आणि बाई, इतक्या मोठ्या जहाजाची राखण करायला छोटी जहाजं कुठून आणणार?" *बाई*! मला म्हणतो, "गप ए हेस्टर, तुला काय कळतंय!"

मला कधी बाई म्हणाला नाही.

१६ मार्च, रविवार

क्लेम आला होता, पन्हळ तुंबली होती ती मोकळी करायला. शिडीवर उभा राहून तासभर बोलला. रोझलिंड असं म्हणाली, रोझलिंडचं म्हणणं तसं. "काय हुशार बाई आहे गं! फ्रिगेटींचं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत, आणि तरी मोठ्यांच्या बाजूने!"

मी शिडी धरून होते. सोडली नाही, एवढं देवाने माझ्या खात्यात लिहावं.

बूट चकचकीत होते त्याचे. पन्हळ साफ करायला कोण बूट पुसून येतं?

१८ मार्च, मंगळवार

झालं. जे नको होतं तेच झालं.

मतदान ८ एप्रिलला. रोझलिंडची लेक लंडनला बाळंत व्हायची आहे, तेव्हा ती इथे नसणार. उभी राहिली, सगळ्यांसमोर गोड आवाजात — "क्लेम, माझ्याशी जोडी बांधाल? नाहीतर माझ्यामुळे आमची बाजू एका मताला मुकेल."

मला वाटलं, आता हा सांगेल. सांगेल की माझी जोडी ठरलेली आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, कान खाजवला. आणि म्हणाला, "बांधू की!"

ओसवाल्डने लगेच टिपून घेतलं.

बाहेर आल्यावर मला म्हणतो, "अगं, बाई परगावी जातेय, नाही कसं म्हणायचं? तू आहेसच की इथे. एकदा मत देऊन तर बघ, मजा येईल."

मजा!

१९ मार्च, बुधवार

बटाटे करपले. पातेलं घासून घासून हात दुखले.

२३ मार्च, रविवार

चर्चमध्ये मन नव्हतं. बसल्या बसल्या एक विचार आला — देवळात यावा असा नव्हता.

तिच्या बाकावरून तिच्यापेक्षा चांगलं बोलणं या जन्मी मला जमायचं नाही. पण समोरच्या बाकावरून? क्लेमचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. इतकी वर्षं पेस्टीबरोबर तेच गिळलंय. मी छोट्या जहाजांच्या बाजूने उठले तर? तिची स्वयंपाकघरं, तिच्या तारा, सगळं उधळून देईन.

आणि क्लेमच्या बाजूला बसायलाही मिळेल. एकाच बाकावर. तिने तिकडे टेकडीवरून बंदर बघत बसावं.

२५ मार्च, मंगळवार

बाक बदललं! ओसवाल्डने दोनदा विचारलं, "नक्की ना, हेस्टर? बोलून असो की दारातून जाऊन असो, एकदा बाजू बदललीस, की तिथेच पुढच्या वसंतापर्यंत बसावं लागतं." म्हटलं, नक्की. एकदम नक्की.

आणि काय बोलले मी! म्हटलं, मोठं जहाज एका वेळी एकाच ठिकाणी असतं, समुद्र सगळीकडे असतो. म्हटलं, ते दुरुस्तीला गोदीत गेलं की नौदल म्हणून उरतं काय — एक बँड आणि दोन झेंडे. फ्रिगेटी म्हाताऱ्या होऊन एकेक मोडीत चालल्यात, त्यांच्या जागी नवी येते कधी? मोठ्या जहाजावर माणसं भरायची तर ती छोट्यांवरूनच ओढून न्यावी लागणार. आणि शेवटी म्हटलं, विचारा दूर दक्षिणेच्या समुद्रात बेटांसाठी झालेल्या त्या लढाईत लढलेल्यांना, की शेजारी आपलं आणखी एक जहाज उभं असतं तर काय झालं असतं.

ते शेवटचं वाक्य क्लेमचं. त्या लढाईत तो एका छोट्या जहाजावर स्वयंपाकी होता. पायऱ्यांवर बसून एकदाच बोलला होता, पेस्टी तशीच हातात धरून. मंडळात कधी बोलला नव्हता.

टाळ्या थांबेनात. रोझलिंडसुद्धा वाजवत होती, अगदी मनापासून! मी दिमाखात जाऊन क्लेमशेजारी बसले.

तो बुटांकडे बघत होता. हळूच म्हणाला, "माझं सगळं तूच बोललीस गं. आता मी काय बोलू?"

आणि तेव्हा, बुडाखाली ते बाक लागल्यावर, डोक्यात लख्ख उजेड पडला. जोडी बांधायला समोरचा माणूस लागतो! एका बाकावरची दोघं जोडी बांधूच शकत नाहीत. या मतदानाला नाही, पुढच्या नाही, वर्षभर नाही. रोझलिंडने एक मंगळवार नेला होता. बाकीचे सगळे मी स्वतःच्या हाताने देऊन आले.

गाढव ते गाढव. म्हातारं गाढव.

३० मार्च, रविवार

एकटीच पायऱ्यांवर गेले. पेस्टी घेतली. दुसऱ्याच घासाला समुद्रपक्ष्याने झडप घालून उरलेली नेली. क्लेम असता तर टोपी फेकून मारली असती.

१ एप्रिल, मंगळवार

शेजारी शेजारी बसलो आम्ही दोघं. मी म्हटलं, छोटी जहाजं बरी. तो म्हणाला, हो, बरी. मी म्हटलं, माणसं कमी पडतात. तो म्हणाला, कमीच पडतात. मग दोघांनी खारे दाणे खाल्ले.

इतक्या वर्षांत आमच्यात पहिल्यांदा एकमत झालं आणि बोलायला काही उरलं नाही!

त्या वाक्याबद्दल माफी मागितली. म्हटलं, ते तुझं होतं, मी उचलायला नको होतं. म्हणाला, "बोललीस चांगलं. माझ्याच्याने झालं नसतं." आणि खिडकीबाहेर बघू लागला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

५ एप्रिल, शनिवार

दारावर रोझलिंड! लंडनला निघालेली, गाडी खाली चालूच. हातात तो डबा.

"ओसवाल्डने आत्ता सांगितलं, तुमची जोडी दर वेळची ठरलेली आहे म्हणून. पहिल्या दिवशी ते बोलले ती मला नुसती गंमत वाटली हो! क्लेम एका शब्दाने बोलले नाहीत. मी जोडी सोडते, त्यांना मोकळं करते."

मी म्हटलं, "आता सोडून काय उपयोग? मी त्याच्याच बाकावर आहे."

मग तिला हसू फुटलं, आणि लगेच तोंडावर हात. "पण का बदललंत बाक? तुम्ही तर मोठ्या जहाजांच्या! तुमचं ते भाड्याच्या खोलीचं मी लेकीला फोनवर सांगितलं. आमच्या कचेरीत इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नाही इतकं सरळ."

काय सांगणार? म्हटलं, "मत बदललं." म्हटलं, "निश्चिंत जा, लेकीला सांभाळा, जोडी राहू दे." आणि विणून ठेवलेले लोकरीचे मोजे दिले बाळाला. पिवळे. चर्चच्या विक्रीसाठी होते.

ती वाईट असती तर किती सोपं गेलं असतं!

८ एप्रिल, मंगळवार

पहिल्यांदाच मत दिलं. अंगणाच्या दाराने गेले, छोट्यांच्या बाजूने. क्लेम रोझलिंडशी बांधलेला, तो आतच बसून राहणार होता. अंगणात थंडीत उभे होतो, आणि ओसवाल्ड बाहेर आला, तोंड पांढरं. हरलात म्हणाला. एका मताने. जोडी मोडली कोणीतरी.

क्लेम! उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराने गेला! मोठ्या जहाजांच्या! जन्मभराची त्याची बाजू त्याच्याच एका मताने पडली, आणि तेच पत्र खासदाराला जाणार. ओसवाल्डने लंडनला रोझलिंडला फोन लावला — जोडी मोडली खरी, पण तुमच्याच फायद्याची, तक्रार कशी लिहायची? बाई नुसती हसत सुटली म्हणे. तिच्या लेकीला मुलगी झाली.

क्लेम पायऱ्यांवर दोन पेस्ट्या घेऊन बसला होता. मी ओरडले, "डोकं फिरलंय का तुझं?" तो दुप्पट ओरडला, "मग वर्षभर तुझ्या शेजारी बसून माना डोलवत बसू? आता समोरच्या बाकावर बसेन, पुढच्या वसंतापर्यंत!" मग एक पेस्टी माझ्यापुढे धरली. "मोठ्या जहाजांचं तू जे बोलायचीस ना, ते लिहून दे मला. मला त्यातलं अक्षर पटत नाही."