चव्वेचाळीस घोड्यांचा शोध

ती. स्व. साडूभाऊ यांना,

नमस्कार लांबूनच करतो आहे, कारण हातांना ग्रीस आहे. तुमची प्रकृती कशी आहे? गुडघा हल्ली कुठला दुखतो? ताईंचा रक्तदाब ताब्यात आहे ना? (दर रविवारी फोनवर ताई सगळं सविस्तर सांगतात, पण सांगता सांगता तुमची दोघांची दुखणी एकमेकांत मिसळून टाकतात. नंतर मला आठवत नाही की पथ्य कुणाला आहे आणि चिडचिड कुणाची होते.) इकडे मी उत्तम आहे. वजन जरा उतरलं आहे, पण ते गाडीखाली शिरायला सोयीचं पडतं.

फोन असताना पुन्हा पत्र का, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण असं की फोनवर ताईंचं झालं की त्या तुमच्या हातात फोन देतात, तुम्ही "काय म्हणता?" म्हणता, मी "काही नाही" म्हणतो, मग तुम्ही "बाकी काय?" म्हणता आणि तिथे आपलं दोघांचं संपतं. तीन वर्षांत मी बाकी कायच्या पुढे गेलेलो नाही. यात तुमचा दोष नाही. ही होती तेव्हा तरी आपण फोनवर कुठे बोलत होतो? दोघी बहिणी आत गप्पा मारायच्या आणि आपण बाहेर तुमच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे असायचो. तुम्ही पाना फिरवायचात, मी बॅटरी धरायचो, आणि उजेड चुकीच्या जागी पडला म्हणून बोलणी खायचो. वीस वर्षं बॅटरी धरली मी. आपल्या नात्याला नाव मिळालं ते त्या दोघींमुळे. त्यातली एक गेल्यावर ते नाव चालू राहतं की नाही, हे कुठल्या कचेरीत विचारायचं ते मला कळलं नाही, म्हणून मी कुठेच विचारलं नाही.

असो. मुद्दा इंजिनाचा आहे.

मागच्या पत्रात मी तुम्हाला कळवलं होतं की जुन्या दोन दारांच्या गाडीसाठी मी स्वतः इंजिन बांधलं आहे आणि ते एकशे साठ हॉर्सपॉवरचं आहे. बांधलं हे खरं आहे. भंगारवाल्याकडून ब्लॉक आणला, लेथवाल्याकडून सिलिंडर मोठे करून घेतले, पिस्टन नवे, कॅमशाफ्ट शर्यतीच्या गाड्यांना घालतात तसली, आणि एकाच्या जागी दोन मोठे कार्ब्युरेटर. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकतीस वर्षं मी पाइपांचे नकाशे काढले, त्यामुळे याही कामाचे रीतसर चौदा नकाशे काढले. बोल्टसुद्धा सुटला नाही त्यातून. दोन वर्षं लागली. (या दोन वर्षांत मला एक सवय लागली आहे, ती तुम्हालाच सांगतो. काम करताना मी "चौदाचा पाना दे" असं मोठ्याने म्हणतो, मग स्वतःच उठून तो आणतो आणि "हं, घे" म्हणून स्वतःला देतो. सुरुवातीला गंमत म्हणून करायचो. आता तसं म्हटल्याशिवाय पाना सापडत नाही.)

तर गाडी घेऊन मी रोलरवाल्याकडे गेलो. हा माणूस गाडीची चाकं लोखंडी रोलरवर चढवतो, गाडी जागच्या जागी भरधाव पळवतो आणि चाकांपाशी किती घोडे पोचतात ते पडद्यावर दाखवतो. आता गिअरबॉक्स वगैरेच्या घर्षणात पंधरा टक्के खर्ची पडतात, हे मी धरून चाललो होतो. म्हणजे चाकांवर एकशे छत्तीस यायला हवे होते. मी नवा शर्ट घालून गेलो होतो. रोलरवाल्याच्या सांगण्यावरून मी पेडल तळापर्यंत दाबलं, इंजिनाने असा काही आवाज काढला की माझे डोळे भरून आले, आणि पडद्यावर आकडा उमटला ब्याण्णव.

"काका, गाडी छान बांधलीय," रोलरवाला म्हणाला. तो भला माणूस आहे, वाईट बातमीच्या आधी नेहमी एक चांगलं वाक्य सांगतो. "घोडे जरा कमी आहेत."

चव्वेचाळीस घोडे म्हणजे जरा नव्हे, साडूभाऊ. चव्वेचाळीस घोडे रस्त्याने चालले असते तर लोकांनी दुकानं बंद केली असती. घरी आलो आणि शर्ट पुन्हा घडी करून ठेवला.

मग शोध सुरू झाला. रोलरवाल्याने शंकांची यादीच दिली होती. पहिला संशय कंप्रेशनवर, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबावर. ते मोजायला एका माणसाने आत बसून चावी फिरवावी लागते आणि दुसऱ्याने बाहेर मीटर धरावा लागतो. मी काय केलं, दारावरच्या घंटीचं बटण काढलं, त्याला लांब वायर जोडली आणि ते स्टार्टरला लावलं. एका हातात मीटर, दुसऱ्या हातात घंटीचं बटण. चारही सिलिंडर ठणठणीत निघाले. (घंटी अजून परत लावलेली नाही. तिच्यावाचून काही अडलेलं नाही, वाजवणारं कोण असणार.) दुसरा संशय स्पार्कच्या वेळेवर. ती पाहायला इंजिन चालू ठेवून एकाने रेस द्यायची आणि दुसऱ्याने दिव्याखाली खूण बघायची असते. तिथे मी कार्ब्युरेटरची दांडी हातानेच ओढली आणि दिवा दातांत धरला. वेळ बिनचूक. त्याच वेळी, दांडी हातात आहेच तर, म्हणून कार्ब्युरेटरची हवा आत सोडणारी पाकळीही पाहून घेतली. ती पूर्ण उघडत होती. मी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि तिला विसरलो. हे वाक्य नीट वाचून ठेवा.

मग लेथवाल्याकडे गेलो. त्याला म्हटलं, सिलिंडर पुन्हा मोजू. तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने माझ्यासमोर सगळं मोजलं, केसाचाही फरक निघाला नाही, आणि मग तो पुढचे पंधरा दिवस बोलला नाही. पेट्रोलचा पंप बदलून पाहिला. प्लग बदलले. आठ महिने गेले, आणि सात वेळा मी रोलरवर जाऊन आलो. शेवटी वैतागून सायलेन्सरच काढून टाकला, म्हटलं धूर अडत असेल. आकडा त्र्याण्णव झाला. एक घोडा सापडला, साडूभाऊ, आणि त्याच्या मागोमाग शेजारच्या बाई आल्या.

या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. भिंतीला भिंत लागून आमची घरं, पण ही गेल्यापासून आमचं बोलणं मान हलवण्यापुरतंच. सायलेन्सर नसलेलं इंजिन मी भर दुपारी चालू केलं आणि पाचव्या मिनिटाला त्या गॅरेजच्या दारात उभ्या होत्या, खांद्याला पर्स, हातात छत्री. मी इंजिन बंद केलं. त्यांनी विचारलं की हे किती दिवस चालणार आहे. मी सांगायला सुरुवात केली. तक्रार ऐकून घ्यावी एवढंच काम होतं माझं, पण मी भंगारवाल्यापासून सुरुवात केली आणि थांबताच येईना. कंप्रेशन सांगितलं, घंटी सांगितली, दातांतला दिवा सांगितला, लेथवाला सांगितला. त्या उभ्या होत्या, मग तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसल्या, आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की माझा आवाज बसला आहे. एका बैठकीत इतकं बोलून वर्ष झालं असेल.

"म्हणजे आत आणि बाहेर दोन्हीकडे तुम्हीच," बाई म्हणाल्या.

"हो."

"मग मी बसू का आत? काय दाबायचं ते सांगा."

मी नको म्हणालो. त्या तोवर आत बसल्या होत्या, पर्स मांडीवर ठेवून. इंजिन बंदच होतं. मी बॉनेटखाली डोकं घातलं.

"उजवीकडचं पेडल. तळापर्यंत."

पाकळी हलली, निम्म्याच्या थोडी पुढे आली आणि थांबली.

"पूर्ण दाबा, बाई."

"पूर्णच दाबलंय."

"अजून जोर लावा."

"मी छत्तीस वर्षं शाळा चालवली आहे," बाई म्हणाल्या. "पूर्ण म्हणजे काय ते मला कळतं. खाली फळी लागली आहे."

मी आत जाऊन पाहिलं. पेडल खरोखरच फळीला टेकलं होतं. बाहेर येऊन पाहिलं, पाकळी अर्धवट. हाताने दांडी ओढली तर पूर्ण उघडत होती, पायाने उघडत नव्हती. पेडल जुन्या लहान कार्ब्युरेटरच्या मापाचं, नव्या मोठ्यांना केबल जास्त ओढावी लागते, आणि तेवढी ओढ त्या पेडलात नव्हतीच. आठ महिने मी जिवाच्या आकांताने पेडल दाबत होतो आणि इंजिनाला वाटत होतं की मी बाजारात चाललो आहे. माझ्या चौदा नकाशांत बोल्ट होते, वॉशर होते, पाय कुठेच नव्हता.

"पेडलला काठी लावून बघता आलं असतं," बाई म्हणाल्या.

आलं असतं. ब्रेकच्या कामाला मी लावलीही होती. इथे सुचलं नाही, कारण मी दोन्हीकडे होतो आणि दोन्हीकडे सगळं ठीक दिसत होतं. हे मी बाईंना सांगितलं नाही. मी सवयीने म्हणालो, "थांब, चौदाचा पाना दे." त्यांनी दिला. मी तो हातात धरून बराच वेळ तसाच उभा राहिलो, कारण पुढे काय करायचं होतं तेच आठवेना.

लेथवाल्याने पेडलची दांडी लांब करून दिली (तो आता बोलतो). सायलेन्सर परत बसवला. परवा रोलरवर गेलो तेव्हा एकशे एकोणतीस आले. बाईही आल्या होत्या. त्यांनी आकडा पाहून, बऱ्या मार्कांनी पास झालेल्या मुलाकडे पाहावं तसं गाडीकडे पाहिलं. आता त्या सहा आठवडे बहिणीकडे गेल्या आहेत आणि गल्ली फार शांत आहे. तक्रार कुणाचीच नाही.

ताईंना नमस्कार सांगा. गुडघ्याला जपा.

तुमचा,
साडू

ता. क. मागच्या पत्रातला एकशे साठचा आकडा कागदावरचा होता. ते लिहिलं तेव्हा इंजिन अजून टेबलावर होतं. तुम्ही तो चार लोकांत सांगितला असेल तर क्षमा असावी.

ता. क. २. एकशे छत्तीसला अजून सात कमी आहेत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. संशय कॅमशाफ्टवर आहे. ते तपासायला एकाने खालून इंजिन पान्याने सावकाश फिरवायचं आणि दुसऱ्याने वर काटा वाचायचा असतो. यात घंटीचं बटण किंवा काठी चालत नाही, मी विचार करून पाहिला. तुम्ही आलात तर बरं होईल. पाना तुम्ही फिरवा, काटा मी वाचतो.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. त्या सात घोड्यांचं असं आहे की रोलरवाल्याने तिथल्या तिथेच सांगितलं होतं, "काका, आज उकाडा फार आहे, अशा हवेत घोडे कमीच दिसतात," आणि हिशोब करून दाखवला. बरोबर एकशे छत्तीस येतात. गाडीत काहीही बिघाड नाही. पण ताईंना बिघाड आहे असंच सांगून निघा. किती दिवस लागतील म्हणून विचारलं, तर म्हणावं, इंजिनाचं काम आहे, आत्ताच काही सांगता येत नाही.