मडक्यातला स्पीकर

बाबा, तुम्ही बांधलेलं दहा वॉटचं मशीन, म्हणजे अॅम्प्लिफायर, परवा माळ्यावरून खाली काढलं. आईला आता कमी ऐकू येतं आणि रेडिओवरचं भजन तिला पोळ्या लाटतानाच ऐकायचं असतं, म्हणून. मशीन तुमच्यासारखंच निघालं, इतकी वर्षं कोणी विचारलं नाही तरी तक्रार नाही. आवाजाच्या बटणात धूळ बसून खरखर होत होती, ती साफ केली. प्रश्न उरला तो त्याला स्पीकर कोणते जोडायचे हा.

माझे पुण्याहून आणलेले स्पीकर तुम्ही विसरला नसाल. नव्या घराच्या वास्तुशांतीला आणले होते, काळे आणि चकचकीत. मंगरूळपीरच्या बसमध्ये खिडकीजवळची सीट त्यांना दिली आणि मी उभा राहून आलो. ते तुमच्या मशीनला जोडले, बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि आवाज आला तो पाहुण्याने दुसऱ्यांदा जिलेबी मागावी तसा, लाजत. तुमचे जावई, आमचे भाऊजी, पंगतीतून म्हणाले, "मामाजी, मशीन उपाशी हाय काय हो?" सगळे हसले.

तुम्ही हसला नाहीत. चष्मा खाली ओढून स्पीकरच्या पाठीवरचा कागद वाचलात आणि मला जवळ बोलावलंत. "हे पाय, चौऱ्यांशी लिवलं हाय. याले लय खायाले लागते. आपल्या दुकानातला मडक्यातला घेऊन ये, तो थोडं खाऊनच बोलते." दुकानात तुम्ही मडक्याच्या तोंडावर आठ इंची कागदी पडद्याचा स्पीकर बसवला होता. गिऱ्हाइकाचा रेडिओ दुरुस्त झाला की त्यावर वाजवून दाखवायचात आणि आवाज रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत जायचा. पण माझी सासरची मंडळी समोर बसलेली. त्यांच्यासमोर मडकं? "राहू द्या," मी म्हणालो, "मशीनमध्येच दम नाही तर स्पीकर काय करणार." हे वाक्य मात्र शेवटच्या पंगतीपर्यंत स्पष्ट पोचलं.

"असन बा," एवढंच म्हणून तुम्ही वायरी सोडवायला बसलात. त्यानंतर तुम्ही रेडिओ दुरुस्त केले, पंखे केले, मिक्सरही केले. नवीन मशीन एकही बांधलं नाही. रिठद गावचे भजनी मंडळवाले मशीन बांधून घ्यायला दोनदा आले, त्यांना "आता बजारात याच्याहून चांगलं भेटते," सांगून परत पाठवलंत. तेव्हा मी दुकानातच बसलो होतो. पेपर वाचत होतो.

आता मी दुसऱ्यांच्या चुकांवर चुरचुरीत लिहून नाव कमावतो, त्यामुळे हेही लिहिता आलं पाहिजे. एवढ्याशा ताकदीवर स्पीकर किती जोरात बोलतो, ते स्पीकरच्या पाठीवरचा तो आकडा सांगतो. तो तीनने खाली आला की तेवढ्याच आवाजाला दुप्पट ताकद लागते. तुमचा मडक्यातला त्र्याण्णवचा धरला, तर माझे त्याच्या आठपट खाणारे होते. उपाशी मशीन नव्हतं, खादाड पाहुणे मी आणले होते.

तो जुना स्पीकर तुमच्या पत्र्याच्या पेटीत सापडला. मडक्यात आईने चिंच भरून ठेवली होती. ती काढली, मडकं पुसलं, स्पीकर बसवून वायरी जोडल्या. बटण अर्ध्यावरही गेलं नव्हतं तर आतून हाक आली, "कमी कर बापा, मी का बयरी हाय?" मग पिठाच्या हातानेच आई दारात आली.

"तुह्या बाबाचं मशीन हाय ना थे? मंग वास्तूले काहून मुकं झालतं?"

"वायर ढिली होती," मी म्हणालो.

"अन् त्याइले समजलं नाही? दुनियेचे रेडू दुरुस्त करे तो माणूस, अन् घरची वायर नाही दिसली?"

मी आवाज कमी करायच्या निमित्ताने मशीनकडे वळलो.

वायर ढिली नव्हती, बाबा. तुम्हीच पिळून घट्ट केली होती. आणि चौऱ्यांशीचा अर्थ मला नंतर कुठे वाचून कळला असंही नाही. तुमच्याच दुकानात वाढलो मी, तुम्ही बोट ठेवलंत तेव्हाच कळला होता. तुम्हाला हे लिहिणं सोपं आहे, कारण हा कागद कुठे जायचा नाही. आई आत चिंच बरणीत भरते आहे, आणि तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.