फक्त पासवर्डचा रकाना

३ नोव्हेंबर, सोमवार
ममताला आजपासून सुट्टी. कायमची. चार वर्षं सेंटर सांभाळलं, पोरगी चांगली, पण एआय एजंट घेतल्यावर माणूस कशाला? आर्णीत असा एजंट असलेलं ऑनलाइन सेंटर माझं एकट्याचंच. जाताना म्हणाली, "भाऊ, पासवर्ड मॅनेजरमधल्या टिपा तेवढ्या सांभाळजा." मला शिकवते.
संकल्प: महिनाभरात सगळं काम एजंटवर. पहाटे प्राणायाम.

४ नोव्हेंबर, सकाळी ११
प्राणायाम उद्यापासून.
पासवर्ड मॅनेजरमध्ये दोनशे बारा गिऱ्हाइकं. एकालाही स्वतःचा पासवर्ड माहीत नाही. फॉर्म आम्हीच भरतो, पासवर्डही आमच्यापाशीच. केवढा विश्वास! त्या विश्वासाला जागून सगळे बदलायचं ठरवलं, कारण जुने ममताच्या डोळ्यांखालून गेलेले. एजंटला हुकूम सोडला: प्रत्येक नोंदीत फक्त पासवर्ड बदल, चांगला अवघड टाक.
त्याने दोन प्रश्न विचारले. लांबलचक होते. मी चहा सांगायला उठलो होतो, दोन्हींना "हो" दाबलं.
११.०४. काम फत्ते! ममताला आठवडा लागला असता.

६ नोव्हेंबर, गुरुवार
तांड्यावरून डोंगरसिंग आला, सोबत बायको सुखीबाई आणि मुलगी संगीता. संगीताचा नर्सिंगच्या शेवटच्या फेरीत नंबर लागला! सीट उद्या पाचपर्यंत साइटवर कन्फर्म करायची, नाहीतर गेली. डोंगरसिंग म्हणाला, "अमरभाऊ, पोरीचं झालं म्हंजे आमी रविवारी ऊसतोडीले निंगतो. नाही जमलं तं पोरगीबी संगं."
लॉगिन केलं. पासवर्ड चुकीचा. तीनदा. साइट वेडी झालीय. सर्व्हर डाउन आहे, उद्या या, म्हणालो. संगीता नुसती स्क्रीनकडे बघत राहिली.

७ नोव्हेंबर, सकाळी १०
एजंटला खडसावलं. म्हणतो, पासवर्ड फक्त तुमच्याकडच्या नोंदीत बदलले, वेबसाइटवर जुनेच आहेत. "हे मी विचारलं होतं, तुम्ही हो म्हणालात." पासवर्ड मॅनेजर म्हणवतो आणि खाली वेबसाइटला कळवत नाही? बरं, जुने दे म्हटलं. तर जुने पुसले गेले. आणि मी फक्त पासवर्डचा रकाना दिला म्हणून बाकीचे रकाने रिकामे झाले. हेही त्याने विचारलं होतं म्हणे.
टिपा उघडल्या. दोनशे बारा नोंदी, दोनशे बारा कोऱ्या टिपा.

दुपारी १२
घाबरायचं कारण नाही. "पासवर्ड विसरलात?" दाबलं. ओटीपी गेला, शेवटी ४७ असलेल्या नंबरवर. डोंगरसिंगचा नंबर ४७ नाही. सुखीबाईकडे फोनच नाही. आमच्याकडे फॉर्म भरताना ज्याच्या मोबाइलला चार्जिंग आणि रिचार्ज असेल त्याचा नंबर टाकायचा, ही रीत. कोणाचा टाकला, ते ममता टिपेत लिहायची.

दुपारी २
संगीता आठवून आठवून थकली. "काका, त्या दिवशी तांड्यात लाइन नव्हती. बापूचा फोन बंद व्हता. कोनाचा नंबर देला, ध्यानातच येत नाही." डोंगरसिंग मोटारसायकल काढून तांड्यावर गेलाय, भेटेल त्याचा नंबर बघतोय. अर्धा तांडा तर आधीच कारखान्यावर पोचला. मी बसल्याबसल्या आणखी सहा ओटीपी सोडले. प्रयत्नांत कसूर नको.
सुखीबाई म्हणाली, "ममताबाईले इचारा ना, भाऊ." नाही म्हणालो. सेंटर माझं आहे. त्यात बारापासून तिचेच चार फोन. उचलले नाहीत. नोकरी परत मागणार, दुसरं काय? माणसाला काही वेळकाळ?

५.१०
मुदत संपली. साइटवर बटणच दिसत नाही. डोंगरसिंग धुळीने माखून परत आला आणि दारातच उभा राहिला. सुखीबाईने तोंडाला पदर लावला. मला भीती वाटली. मग लाज वाटली. मग म्हणालो, या सरकारी साइट अशाच.

८ नोव्हेंबर, शनिवार
ममता आली. नोकरी मागायला नाही. काम शोधायला ती काल दिग्रसला गेली होती, तिथे तिच्या मोबाइलवर सात ओटीपी आले. तिचा नंबर शेवटी ४७. तांड्यातला एकही फोन चालू नव्हता, म्हणून संगीताच्या फॉर्मवर तिने स्वतःचाच टाकला होता. ओटीपी पाहून तिने ओळखलं आणि मला फोन लावत बसली, सहा वेळा. मला चार वर्षांत तिचा नंबर पाठ नाही. फोन आला की नावच दिसतं.
"एकडाव तं उचलाचा व्हता, भाऊ," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.
एजंट बंद करावा का? महिन्याचे पैसे भरलेत. बघू.

९ नोव्हेंबर, रविवार
ऊसतोडीची गाडी सेंटरसमोर थांबली. संगीता उतरली, फॉर्मसाठी आमच्याकडे ठेवलेली मूळ मार्कशीट न्यायला. मी नवीन फाइलमध्ये घालून दिली. पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत करून देतो, जबाबदारी माझी, असं ठणकावून सांगितलं.
ती म्हणाली, "पुढच्या साली फारम मीच भरीन, काका. माहा पासवर्ड काय व्हता, तेवढा लिहून द्या."
मी कागद घेतला. पेनाचं टोपण काढलं. गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला, तोवर ती उभी होती.