दादाच्या नावाचं माझं रक्त

ती. लोसाताईस,

एपेनेसाचा आदरपूर्वक नमस्कार. ऑकलंडच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? इथे देवाच्या कृपेने सर्व क्षेम, असं लिहायला हात वळतो, पण आधी थोडं सांगतो.

मागच्या मंगळवारी सकाळी मी प्रार्थना केली, दाढी केली आणि फिलेमूदादाच्या वतीने रक्त देऊन आलो. मेलेआनेवहिनीला हिपॅटायटिस बी निघालाय हे तुला ठाऊक आहे. (तब्येत बरी आहे, शिव्या पूर्वीच्याच जोमाने देते.) म्हणून नर्स ओनोसाईंनी घरातल्या सगळ्यांना अँटीबॉडी तपासायला बोलावलं. दादाला सगळ्यांत आधी, कारण नवऱ्याला धोका जास्त. दादाने कुळप्रमुखाच्या थाटात मला हाक मारली. "कुळाच्या माताईचं जड काम कोण करतं?" मी म्हटलं, "धाकटा भाऊ." "मग नीघ." आता त्याचे मासे आणणं, त्याचे तारोचे कंद उपटणं, त्याच्या वतीने निरोप पोचवणं हे मी करतोच, त्यात एक सुई. रक्त घ्यायला शहरातून आलेला माणूस आम्हाला ओळखत नव्हता. त्याने दादाचं नाव पुकारलं आणि मी सवयीने उठलो.

निकाल आला: अँटीबॉडी भरपूर. रविवारी चर्चनंतरच्या जेवणात दादाने भाषणच ठोकलं. आपल्या कुळाच्या रक्तात आजार पाय ठेवत नाही म्हणाला, आणि नारळाच्या दुधातली पालुसामी पुन्हा वाढून घेतली. नर्सबाई पंगतीतच होत्या. त्यांनी सहज विचारलं, "छान! लस कधी घेतलीत?" दादा गरजला, "मी? सुई मला अजून शिवलेली नाही!" वहिनीला हसून ठसका लागला. (लस मी घेतली होती, मोठ्या दवाखान्यात शिपाई होतो तेव्हा.)

नर्सबाईंनी माझ्याकडे बघून सगळं ताडलं, पण रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "संध्याकाळच्या प्रार्थनेला आपली माणसं रस्त्यावर पहारा देतात ना, तशी ही अँटीबॉडी. पण हा पहारेकरी एकाच चोराला ओळखतो. बाकी तब्येत कशी, ते त्याला विचारू नका. आणि तो उभा आहे एपेनेसाच्या अंगात."

"एका घराला दोन पहारे कशाला?" दादाने विचारलं.

"चोर तुमच्या दाराशी आहे म्हणून. पहारा नसेल तर लस घ्या. चोर आधीच आत शिरला असेल, तर तेही कळायला हवं."

शेवटचं वाक्य ऐकून दादाने घास खाली ठेवला. तो भ्यालाय, हे मला तेव्हा कळलं. पण हटेना. पाद्रीसाहेबांनी समजावलं, वहिनीने अबोला धरला (तो मात्र जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकला). दादाचं एकच, "माताईचा हात देण्यासाठी असतो, टोचून घेण्यासाठी नाही." मी देवापुढे बसून पुष्कळ विचार केला.

पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
एपेनेसा

ता. क. आपल्यात माताईला आज्ञा कोणी करू शकत नाही. बहीण सोडून. तेव्हा त्याला तपासणीला जायची आज्ञा कर, ही विनंती.

दुसरा ता. क. आज्ञा तू केली आहेस. काल मीच त्याला सांगितलं, "ताईचा निरोप आहे." आज सकाळी दादा कमरेला इस्त्रीचा लावालावा नेसून गेला आणि स्वतःचं रक्त देऊन आला. पाद्रीसाहेबांची मुलगी उद्याच्या विमानाने हे पत्र आणतेय, आणि दादा तुला रविवारी फोन करणार आहे. त्याआधी, ताई, तू काय म्हणाली होतीस ते नीट आठवून ठेव.